पणजोबांचे नाव कुठे सापडते?

मुलांनो, तुम्हाला आजोबांचे नाव ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांचे? आणि त्यांच्याही वडिलांचे? घराण्यातील नावे अशी पिढीवार लिहिली की तिला वंशावळ म्हणतात.

हल्ली गावोगाव लोक वंशावळ शोधू लागले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला तेव्हापासून जोर आला. कुणबी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्या कागदावरचा माणूस आपलाच पणजोबा, हे वंशावळीवरून दाखवावे लागते. आमच्या काकांनी त्यासाठी तालुक्याला चार हेलपाटे घातले.

नावे शोधायची पहिली जागा म्हणजे शाळा. जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, जात सगळे असते. दुसरी जागा तहसील कचेरी. तिथे जुने कोतवाल बुक असते. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. जमीन बापाकडून मुलांकडे आली की फेरफारात वारसांची नावे येतात. फार जुने कागद मोडी लिपीत आहेत. ती वाचणारा माणूस शोधावा लागतो.

तिसरी जागा म्हणजे नाशिक, त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये. गाव आणि आडनाव सांगितले की ते नामावळीची वही काढतात. पूर्वी आपल्या घरचे कोण यात्रेला आले होते ते त्यात सापडते.

आमच्या कोल्हापूर भागात हेळवीही येतात. पूर्वी ते नंदीबैलावर बसून यायचे. वहीतून वंशावळ वाचून दाखवतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावे लिहून घेतात. लोक त्यांना धान्य, कपडे, पैसे देतात.

आमच्या दारात हेळव्यांनी सात पिढ्या वाचल्या. सगळी बाप्यांचीच नावे! मी आजीला विचारलं, "आणि बायकांची गं?" आजी म्हणाली, "आगं, बायकांची नावं कोण लिवतंय!" मग तिने तिच्या सासूची दोन नावे सांगितली, एक माहेरचे, एक सासरचे. पण सासूच्या सासूचे नाव तिला काही केल्या आठवेना. ते सांगणारे आता गावात कुणीच उरले नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर सरकारी कागदावर आधी आईचे नाव लिहितात, मग वडिलांचे. पण आपल्या आज्या-पणज्यांची नावे आपणच लिहायला हवीत.

म्हणून मी वहीच्या पानावर मधे रेघ मारली. एका बाजूला आजोबा, पणजोबा. दुसऱ्या बाजूला आजी, पणजी, त्यांची माहेरची नावे आणि गावे. एक जागा मोकळी राहिली आहे. मित्रमैत्रिणींनो, तुम्ही आज घरी गेल्यावर आधी आजीला विचारा. कचेरीतला कागद उद्याही मिळेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी