जंजिऱ्याचे हबशी

मोबाईलवरच्या खेळांमुळे 'व्हायकिंग' हा शब्द आमच्या आठवीच्या वर्गातही पोहोचला आहे. परवा एकाने विचारले, "टीचर, ते सगळे लुटारूच होते का?"

सगळे नव्हे. ८ व्या ते ११ व्या शतकातले नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनचे हे लोक बहुतेक शेतकरी व मच्छीमार. त्यांतले काही लांब होड्या घेऊन लुटीला जात, काही व्यापाराला. स्वीडनमध्ये जमिनीत पुरलेले अरबी चांदीचे दिरहमही सापडले आहेत.

एवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी एका सावळ्या मुलीला "हबशी" म्हणून चिडवले. वर्ग हसला. तिने मान खाली घातली. मी व्हायकिंगांना तिथेच थांबवले आणि विचारले, "हबशी म्हणजे कोण, माहीत आहे?"

हबश म्हणजे आजचा इथिओपिया. तिथून आणि पूर्व आफ्रिकेतून बरेच लोक गुलाम म्हणून, काही शिपाई, खलाशी, व्यापारी म्हणून आपल्याकडे आले. त्यांनाच सिद्दी म्हणतात. निजामशाहीत त्यांनी फौजेत नाव काढले. मुरूडजवळचा जंजिरा त्यांचा. हे नाव 'जझीरा' म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आले. चहूकडे खारे पाणी, किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याचे तलाव. सुरुवातीला सरदार आपल्यातूनच कर्तबगार माणूस प्रमुख निवडत. छत्रपती शिवाजी महाराज व संभाजी महाराजांनी मोठे प्रयत्न केले, तरी किल्ला पडला नाही. सिद्दींनी किनाऱ्यावरची गावे लुटली, हेही मी मुलांपासून लपवले नाही. पण मुघलांच्या काळात सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजांचे रक्षणही त्यांचेच आरमार करी. १९४८ साली हे संस्थान भारतात विलीन झाले.

मग मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आपले शहर. नहर-ए-अंबरीचे पाणी इथल्या कित्येक पिढ्या प्यायल्या. १६२६ मध्ये त्याचा इंतकाल झाला. मकबरा खुलताबादला आहे.

"आणि हजरत बिलाल (रजि.)?" मी विचारले. वर्ग गप्प झाला.

सुट्टीत ती मुलगी जवळ आली. "टीचर, खुलताबादच्या सहलीत तो मकबरा दाखवाल?"

दाखवणार आहेच. पण माताभगिनींनो, हा शब्द मुले शाळेत शिकत नाहीत. मुलीचा रंग पाहून तो आपल्याच घरात उच्चारला जातो. पुढच्या वेळी तो ओठांवर आला, तर आपण पाणी कुणाचे प्यायलो ते आठवावे.