नातवंडांना हुदहुद दाखवा

मुलांना निसर्ग दाखवायला जंगलातच न्यायला हवं असं नाही. इमारतीखालच्या हिरवळीवर हुदहुद येतो, तिथून सुरुवात करावी. डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब बाकदार चोच. २००८ साली लोकांच्या मतांनी तो इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी ठरला. खाऊ नये अशा पक्ष्यांत तोरामध्ये (लेवीय ११:१९) त्याचं नाव आहे. आपल्या कोकणातही तो दिसतो.

आम्ही मुलांना गप्प बसवून सांगतो, बघा, चोच खुपसून तो अळ्या कशा काढतो! ढोलीत अंडी उबवणारी मादी शेपटीजवळच्या ग्रंथीतून घाण वासाचा स्राव सोडते. त्यातले उपकारक जंतू अंड्यांना रोगजंतूंपासून वाचवतात. हे ऐकून मुलं नाक धरून हसतात, पण विसरत नाहीत.

नातवंडांना मराठी येत नाही, आमच्यातल्या कित्येकांचं हिब्रू अडखळतं. घरात बोलणं 'जेवलास का?' इथेच संपतं. पक्षी मात्र दोघांनाही दिसतो. ती 'दुखिफत' म्हणतात, आम्ही 'हुदहुद'. एक शब्द घ्यावा, एक द्यावा. बोलणं तिथून पुढे सरकतं. फक्त घरट्याला हात लावू देऊ नये.