खिन्नता, विस्मृती आणि रक्ताची साक्ष

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण तिच्यामुळे कित्येक घरांत एका दुखण्याची विचारपूसच राहून जाते. आजोबा वर्तमानपत्र उघडीत नाहीत, कट्ट्यावर जात नाहीत. घरची माणसे म्हणतात, वय झाले. वस्तुतः ही खिन्नता असू शकेल, किंवा पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची चाहूलही.

डेन्मार्कमधील सुमारे १४ लाख लोकांच्या १९७७ ते २०१८ या काळातील नोंदी तपासून २०२३ साली असे दाखविण्यात आले की, खिन्नतेचे निदान झालेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून अधिक असतो. मग ती खिन्नता तारुण्यातील असो की उतारवयातील. उलट, लंडनच्या सुमारे दहा हजार सरकारी नोकरांची १९८५ पासून जी पाहणी झाली, तिचा २०१७ सालचा निष्कर्ष निराळा. मध्यम वयातील उदासीचा संबंध तेथे आढळला नाही. मात्र निदानाच्या सुमारे ११ वर्षे आधीपासून ती वाढत गेलेली दिसली. तेव्हा खिन्नता हे रोगाचे कारण की रोगाचीच पहिली पायरी? निरनिराळ्या माणसांत दोन्ही खरे असावे, असे मला वाटते.

हा तंटा रक्त सोडवील काय? खिन्नतेच्या काही रोग्यांच्या, सर्वांच्या नव्हे, रक्तात दाह दर्शविणारी द्रव्ये वाढलेली सापडतात. यकृतात तयार होणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे त्यांतले एक. दीर्घकाळचा दाह मेंदूस अपाय करीत असावा, अशी उपपत्ती आहे. पण हे प्रोटीन हिरड्या सुजल्या तरी वाढते, स्थूलपणानेही वाढते. त्यावरून मेंदूचे भविष्य वर्तविणे म्हणजे धूर पाहून चुलीवर काय शिजते ते सांगणे होय.

अधिक नेमकी खूण ‘टाऊ’ या प्रथिनाची. मेंदूच्या पेशींतील सूक्ष्म नळ्यांना ते आधार देते. स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांत सर्वाधिक आढळणाऱ्या अल्झायमर रोगात त्याच्या २१७ व्या जागी फॉस्फेट चिकटलेला अंश रक्तात वाढतो. हा अंश आणि अमायलॉइड हे दुसरे प्रथिन यांच्या प्रमाणावर आधारलेल्या रक्तचाचणीस अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली. तीही पंचावन्न वर्षांपुढील, लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांपुरतीच. मूत्रपिंडे बिघडली तरी टाऊचा आकडा चढतो, हेही डॉक्टरांस ध्यानी ठेवावे लागते.

आणखी एक घोटाळा असा की, निव्वळ खिन्नतेनेही विसर पडतो. किलो या मनोविकारतज्ज्ञाने १९६१ साली अशा आभासी स्मृतिभ्रंशावर लिहिले होते. खिन्नतेवर उपचार झाले की पुष्कळदा तो विसर ओसरतो. थायरॉइडची मंदी आणि बी-१२ ची उणीव यांनीही विसर पडतो, आणि दोहोंवर औषध आहे. आजोबांचे रक्त तपासायचेच, तर आधी यांसाठी तपासावे. आणि ते कशात रमेनासे झाले व केव्हापासून, हे घरच्यांनी डॉक्टरांना तपशीलवार सांगावे.