संगणक नीतिशास्त्र : कायद्यापलीकडची जबाबदारी

संगणकाच्या साह्याने काय करता येते, हा तंत्राचा प्रश्न आहे; काय करावे, हा नीतीचा. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या ज्ञानशाखेस संगणक नीतिशास्त्र म्हणतात. अमेरिकेतील प्राध्यापक वॉल्टर मॅनर यांनी १९७०च्या दशकात ही संज्ञा प्रचारात आणली. संगणकामुळे माणसाला नवी सामर्थ्ये लाभतात, मात्र त्यांच्या वापराचे नियम अनेकदा अस्तित्वातच नसतात. ही धोरणात्मक पोकळी भरून काढणे हे या शास्त्राचे कार्य होय, अशी मांडणी तत्त्वज्ञ जेम्स मूर यांनी १९८५ मध्ये केली.

ही पोकळी किती घातक ठरू शकते, हे ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने त्याच सुमारास दाखवून दिले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडामध्ये या यंत्राद्वारे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार दिला गेला. त्यांपैकी किमान तिघे दगावले. आधीच्या यंत्रातील स्वतंत्र सुरक्षा साधने वगळून या यंत्राची भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली होती. तंत्रज्ञाने पडद्यावरील नोंद वेगाने दुरुस्त केल्यास आज्ञावलीतील एक दोष उघड होई. त्या वेळी पडद्यावर केवळ ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश येई आणि एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवता येत. असा अपघात अशक्य आहे, असे उत्तर निर्मात्या कंपनीने सुरुवातीच्या तक्रारींना दिले होते.

येथेच व्यावसायिक उत्तरदायित्वाचा प्रश्न उपस्थित होतो. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी आणि आयईईई कम्प्युटर सोसायटी या संस्थांनी १९९९ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आचारसंहिता स्वीकारली. तिच्या आठ तत्त्वांत पहिले स्थान सार्वजनिक हितास आहे. ग्राहक व मालक यांचे स्थान त्यानंतरचे. सदोष प्रणालीतील धोका दडवू नये, तो संबंधितांच्या निदर्शनास आणावा, हे या तत्त्वाचेच फलित होय.

भारतात २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. तथापि, डॉक्टर वा वकिलाप्रमाणे सॉफ्टवेअर अभियंत्याला व्यवसायासाठी कोणत्याही परिषदेकडे नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे आचारसंहितेचे पालन बव्हंशी संस्थेच्या शिस्तीवर आणि व्यक्तीच्या विवेकावर अवलंबून राहते. रुग्णालये, बँका व शासकीय सेवा आज संगणकाधीन असताना या विवेकाचे शिक्षण आज्ञावली लेखनाच्या शिक्षणाइतकेच आवश्यक ठरते.