लेखांक ११ : रात्री दोनचं काम

या आठवड्यात कुबरनेटीसकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण नाशिकहून आलेलं एक पत्र बाजूला ठेववेना. पत्र लिहिणाऱ्या बाई एका मध्यम आकाराच्या कंपनीत बिल्ड आणि रिलीज सांभाळतात. त्या लिहितात, ‘गेल्या लेखांकात सांगितलंत तसं आम्ही सबव्हर्जनमधून गिटवर आलो. आता जेनकिन्स काढायचा आहे. त्यावर ३४० जॉब आहेत. त्याच्या जागी काय घ्यावं?’

बाईंना माझा उलट प्रश्न आहे : या ३४० पैकी घड्याळावर चालणारे जॉब किती?

हे का विचारतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो, तिनेही जुना जेनकिन्स काढून क्लाउडवरचं नवं साधन घेतलं होतं. दोन महिने तुलना केली, तक्ते केले, किमती काढल्या. शनिवारी सगळे जॉब हलवले. सोमवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला. चाकणजवळच्या एका कारखान्याचे सुपरवायझर बोलत होते. ‘सर, यादी नाय आली अजून. सहा गाड्या गेटवर हायेत. पहिली शिफ्ट सुरू होतीय.’

कुठल्या गाडीत कुठले सुटे भाग भरायचे याची यादी आमच्याकडून रोज रात्री दोनला तिथे जायची. हे काम जेनकिन्सवर आहे याची टीममध्ये कुणालाच आठवण नव्हती. जॉब नव्या साधनावर नीट आला होता, वेळही दोनचीच लिहिलेली होती. फक्त नव्या साधनाचं घड्याळ यूटीसीवर होतं आणि आमचा जुना सर्व्हर भारतीय वेळेवर. यूटीसीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. जॉब साडेसातला चालला आणि त्याच्यापुढे हिरवी खूण उमटली. साधनाच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं. गाड्या मात्र तासाभराहून जास्त उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून साधन निवडायच्या चर्चेत मी आधी घड्याळाच्या कामांबद्दल विचारतो.

ही कामं जेनकिन्सवर येतात कशी? कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हे साधन लिहायला घेतलं, तेव्हा हेतू अगदी साधा होता : आपल्या हातून बिल्ड मोडलं तर ते सहकाऱ्यांच्या आधी आपल्याला कळावं. पण त्या साधनात एक घड्याळ होतं, शेलच्या आज्ञा लिहायला एक रिकामी चौकट होती, पुढे पासवर्ड ठेवायची सोय आली आणि १,८०० च्या वर प्लगिन झाले. घड्याळ, आज्ञा आणि किल्ल्या एकाच ठिकाणी मिळाल्यावर लोक तिथेच येणार. कुणी बॅकअप लावतं, कुणी महिनाअखेरचा रिपोर्ट, कुणी ग्राहकाला फाइल पाठवायचं काम. राखणीला ठेवलेल्या माणसाकडे हळूहळू घरची सगळी वरकामं यावीत, तसं हे होतं. त्याला निरोप द्यायच्या दिवशी ‘नवा राखणदार कुठला आणायचा’ एवढंच आपण बोलतो. गाईंना पाणी कोण दाखवत होतं, हे दुसऱ्या दिवशी कळतं.

म्हणून आधी मोजदाद. जेनकिन्सच्या होम फोल्डरमध्ये ‘जॉब्स’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक जॉबची कॉन्फिग डॉट एक्सएमएल ही फाइल. आतल्या फोल्डरांसकट या सगळ्या फाइलींमध्ये ‘टायमरट्रिगर’ हा शब्द ग्रेपने शोधा. सापडेल तो टॅग ‘हडसन’ या शब्दाने सुरू होतो. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला, जानेवारी २०११ मध्ये मतदान होऊन हडसनचा जेनकिन्स झाला, पण फाइलींच्या पोटात जुनं नाव अजून नांदतं आहे. जेनकिन्सफाइलमध्ये लिहिलेली वेळापत्रकं आणि एक जॉब संपला की त्याच्या मागून चालणारे जॉब, तेही यादीत घ्या.

यादी हाती आली की वेळेचा रकाना नीट वाचा. पुष्कळ ठिकाणी ‘एच’, मग दोन, मग तीन फुल्या असं दिसेल. हा एच म्हणजे अवर नव्हे, हॅश. जेनकिन्स जॉबच्या नावावरून एक ठरावीक मिनिट काढतो, त्यामुळे दोनच्या तासातले जॉब दोन ते तीनच्या दरम्यान पसरतात. साध्या क्रॉनला हा एच कळत नाही. मग हलवणारा माणूस त्याच्या जागी शून्य लिहितो आणि चाळीस जॉब दोनच्या ठोक्याला एकाच डेटाबेसवर तुटून पडतात. मिनिटं हातानेच पसरून लिहा, आणि प्रत्येक वेळेशेजारी टाइमझोनही.

मग प्रत्येक जॉबपुढे एकच प्रश्न लिहा : हा चालला नाही तर फोन कुणाचा येईल? ज्याचं उत्तर ‘कुणाचाच नाही’ असं येईल तो लगेच पुसू नका, नुसता थांबवून ठेवा. काही कामं ३१ मार्चलाच जागी होतात आणि त्यांची आठवण फक्त हिशेब विभागाला असते. त्या विभागात स्वतः जाऊन विचारा. मेलवर हे उत्तर मिळत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जॉब फसला तर मेल येते. जॉब चाललाच नाही, किंवा उशिरा चालला, तर मेल कुठून येणार? चाकणच्या त्या सकाळी आमच्याकडे नेमकी हीच उणीव होती. त्यावर उपाय आहे हजेरी. प्रत्येक रात्रीच्या कामाने शेवटच्या ओळीत ‘मी झालो’ अशी नोंद दुसऱ्या एका ठिकाणी करायची, आणि ठरल्या वेळेपर्यंत नोंद आली नाही तर त्या ठिकाणाने ओरडायचं. ही हजेरी काम चालवणाऱ्या साधनाच्या बाहेरच हवी. आम्ही ती साडेतीनला लावली. यादी अडकलीच तर कारखान्याचं फाटक उघडायच्या आत साडेतीन तास हातात राहतात.

एवढं झालं की घड्याळाची कामं बिल्डच्या साधनातून बाहेरच काढा. दोन-चार असतील तर लिनक्सवर सिस्टमडीचा टायमर पुरतो. एकमेकांवर अवलंबून असलेली बरीच असतील तर एअरफ्लो घ्या. कुबरनेटीसवर जाणार असाल तर तिथे क्रॉनजॉब आहे, आणि २०२३ मधल्या १.२७ या आवृत्तीपासून त्यात टाइमझोन लिहायची सोय पक्की झाली आहे. शेलच्या चौकटीतला मजकूर मात्र कुठेही गेलात तरी गिटमध्ये, स्वतःच्या फाइलीत ठेवा. साधनात फक्त ती फाइल चालवणारी एक ओळ असू द्या. साधनं येतील-जातील, त्या फाइलीत साठलेलं शहाणपण कंपनीचं आहे.

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे. घड्याळाची आणि मेलेली कामं वजा केली की ३४० चा आकडा बराच खाली येईल, आणि उरतील ते खरे बिल्ड. कोड गिटहबवर असेल तर त्यांचंच अ‍ॅक्शन्स, गिटलॅबवर असेल तर गिटलॅबचंच सीआय. कोड आणि बिल्ड एका छपराखाली असण्याचा फायदा मोठा आहे. सर्व्हर आवाराबाहेर जाऊच शकत नसतील, तर हलका झालेला, सगळे जॉब जेनकिन्सफाइलमध्ये असलेला जेनकिन्स ठेवणं हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. बदलायचंच म्हणून बदलू नका.

बाई, मोजदाद झाली की घड्याळाच्या कामांचा आकडा जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात कुबरनेटीस, आणि सुरुवात क्रॉनजॉबपासूनच करू.