तीन लाखांचा देश, देशाच्या दहापट मोठ्या बँका : आइसलँडमध्ये नेमकं काय झालं होतं?

बँक बुडाली की सरकार वाचवतं, असं आपण धरून चालतो. पण बँकच सरकारपेक्षा मोठी असेल तर? 2008 मध्ये आइसलँडवर नेमकी हीच वेळ आली होती.

आइसलँड म्हणजे उत्तर अटलांटिकमधलं बेट. तेव्हाची लोकसंख्या जेमतेम तीन लाखांवर. इथं मुख्य धंदा मासेमारीचा होता. लँड्सबांकी ही इथली सगळ्यात जुनी राष्ट्रीय बँक 1886 मध्ये सुरू झाली. पुढं कित्येक दशकं मोठ्या बँका सरकारच्याच ताब्यात राहिल्या. कर्ज मासेमारीला आणि शेतीला जायचं, कारभार देशापुरताच होता.

मग गणित कुठं बदललं?

1998 ते 2003 या काळात सरकारनं बँका खासगी हातात दिल्या. लँड्सबांकी, कौपथिंग आणि ग्लिटनिर या तीन बँकांनी युरोपच्या बाजारातून स्वस्तात कर्ज उचललं आणि परदेशात कंपन्या विकत घ्यायला पैसा पुरवला. 2008 येईपर्यंत या तिघींचा पसारा देशाच्या जीडीपीच्या जवळपास दहापट झाला होता.

2006 मध्ये कर्ज देणाऱ्यांना शंका यायला लागली. त्यावर लँड्सबांकीनं मार्ग काढला, 'आइससेव्ह'. ही ऑनलाईन बचत योजना होती. आधी ब्रिटनमध्ये आणि 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये चांगलं व्याज देऊन ठेवी गोळा केल्या. एकट्या ब्रिटनमध्ये तीन लाखांच्या आसपास ग्राहक झाले. म्हणजे जवळपास आइसलँडच्या लोकसंख्येइतके!

सरकार का वाचवू शकलं नाही?

बँक अडचणीत आली की मध्यवर्ती बँक पैसा पुरवते. पण आइसलँडची मध्यवर्ती बँक फक्त क्रोना छापू शकत होती. बँकांची देणी मात्र युरो, पाऊंड आणि डॉलरमध्ये होती. लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर जगभर कर्ज मिळणं बंद झालं आणि ऑक्टोबर 2008 मध्ये काही दिवसांत तिन्ही बँका कोसळल्या.

6 ऑक्टोबरला संसदेनं तातडीचा कायदा केला. ठेवीदारांचे पैसे आधी, बाकी देणेकऱ्यांचे नंतर, असं ठरलं. देशातल्या ठेवी नव्या सरकारी बँकांमध्ये हलवल्या. परदेशातल्या ठेवी मात्र जुन्या बुडालेल्या बँकेतच राहिल्या. संतापलेल्या ब्रिटननं दहशतवादविरोधी कायद्याचा आधार घेत लँड्सबांकीची मालमत्ता गोठवली.

सामान्य माणसाचं काय झालं?

क्रोना घसरला. ज्यांनी परदेशी चलनाशी जोडलेलं घराचं किंवा गाडीचं कर्ज घेतलं होतं, त्यांचा हप्ता जवळपास दुप्पट झाला. पगार मात्र क्रोनामध्येच. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशी कर्जं बेकायदा ठरवली, तेव्हा अनेकांना दिलासा मिळाला. देशाबाहेर पैसा नेण्यावर लागलेले निर्बंध 2017 मध्ये जाऊन बहुतांश उठले.

आणि आइससेव्हचं बिल?

ब्रिटन आणि नेदरलँड्सनं आपापल्या ठेवीदारांना पैसे दिले आणि ती रक्कम आइसलँडकडं मागितली. आइसलँडची संसद तयार झाली, पण राष्ट्राध्यक्षांनी सही केली नाही. मग सार्वमत झालं. मार्च 2010 मध्ये 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी नकार दिला, 2011 मध्ये पुन्हा नकार आला. 2013 मध्ये एफ्टा न्यायालयाचा निकालही आइसलँडच्या बाजूनं लागला. शेवटी लँड्सबांकीची मालमत्ता विकून 2016 पर्यंत हे पैसे फेडले गेले. कौपथिंगच्या बड्या अधिकाऱ्यांसह अनेक बँकर तुरुंगातही गेले.

म्हणून बँक किती मोठी आहे, यापेक्षा ती बुडाली तर तिच्यामागं कोण उभं राहणार आणि त्याची तेवढी ऐपत आहे का, हे बघणं महत्त्वाचं. चांगलं व्याज बघून ऑनलाईन खातं उघडणाऱ्या आइससेव्हच्या ग्राहकांना हा प्रश्न पडला, तेव्हा खाती गोठली होती.