ख्रिस्ती मनुष्याचा उपास

'उपास' ह्या शब्दाचें मूळ रूप 'उपवास'. उप म्हणजे जवळ व वास म्हणजे राहणें. पोट रिकामें ठेवण्याचा ह्यांत उल्लेखही नाहीं. कोणाच्या तरी जवळ राहावयाचें, एवढेंच तो शब्द सांगतो. ख्रिस्ती उपासाचा विचार करतांना हा अर्थ मनांत धरिला, तर पुष्कळ गैरसमज दूर होतात.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायांत प्रभु येशू दान, प्रार्थना व उपास ह्या तिहींविषयीं एकाच रीतीनें बोलतो. शिष्य हीं तिन्ही करतीलच, असें तो गृहीत धरितो. तीं लोकांना दाखविण्याकरितां करूं नयेत, इतकेंच बजावितो. उपास करणाऱ्यानें तोंड धुवावें, डोक्याला तेल लावावें. त्याची भूक स्वर्गीय पित्यावांचून कोणाला कळूं नये.

ह्या शिकवणीचा अर्थ प्राचीन मंडळी कसा लावीत असे, हें पाहण्याजोगें आहे. 'बारा प्रेषितांची शिकवण' ह्या लहानशा ग्रंथाची ग्रीक प्रत 1873 सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली. ढोंगी लोक सोमवारीं व गुरुवारीं उपास करितात, म्हणून तुम्हीं बुधवारीं व शुक्रवारीं करावा, असें तींत सांगितलें आहे. वार बदलल्यानें ढोंग कसें जातें, हें मला तरी समजत नाहीं! ह्याहून फार खोल विचार दुसऱ्या शतकांत रोम येथें झालेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' ह्या ग्रंथांत आढळतो. उपासाच्या दिवशीं केवळ भाकर व पाणी घ्यावें; एरवीं जें खाल्लें असतें त्याच्या खर्चाचा हिशेब करावा; आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी, असें तेथें म्हटलें आहे. त्याच शतकांतील अथेन्सचा तत्त्वज्ञ अरिस्तीदीस ह्यानें रोमी बादशहापुढें ख्रिस्ती लोकांची बाजू मांडतांना असेंच लिहिलें: त्यांच्यांत कोणी दरिद्री असला व त्याला द्यावयास जवळ शिल्लक नसलें, तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याला अन्न पुरवितात.

येथें हिशेब आहे खरा, पण तो देवाजवळ पुण्य सांठविण्याचा नव्हे. शेजाऱ्याच्या ताटाचा आहे. पुण्याच्या हिशेबाविरुद्धच पुढें बंड झालें. 1522 सालीं झुरिच शहरांत कांहीं जणांनीं लेंत म्हणजे उपासकाळांत मुद्दाम सॉसेज खाल्लीं. झ्विंग्ली तेथें हजर असून त्यानें स्वतः खाल्लें नाहीं. परंतु त्यांचा पक्ष घेऊन त्यानें अन्नाविषयींच्या स्वातंत्र्यावर प्रवचन केलें. त्याचें म्हणणें योग्य होतें. तथापि नियमाबरोबर आम्हां प्रॉटेस्टंटांच्या बहुतेक घरांतून उपासही निघून गेला, ही हानि लहान नव्हे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आम्ही शेजाऱ्यांना उद्देशून हंसत म्हणतों. शुक्रवारीं मांस वर्ज्य करून पापलेटावर ताव मारणाऱ्या ख्रिस्ती गृहस्थालाही ती तितकीच लागू पडते.

एक प्रश्न मात्र शिक्षकाला टाळतां येत नाहीं. ज्या मुलाच्या घरीं सायंकाळीं चूल पेटेल कीं नाहीं ह्याची शाश्वति नाहीं, त्याला उपासाचा महिमा कोणत्या तोंडानें सांगावा? त्याची भूक त्यानें निवडलेली नाहीं. तिला उपास म्हणणें ही त्याची थट्टा होय. हर्मासच्या हिशेबांत तो देणाऱ्यांच्या नव्हे, घेणाऱ्यांच्या बाजूस आहे. माझ्या मतें देणाऱ्याचा उपास गुप्त असावा ह्याचें हेंही एक कारण आहे. तो जाहीर झाला, तर घेणाऱ्याला आपल्या प्रत्येक घांसाची लाज वाटेल.

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत 46 दिवस होतात. त्यांतील 6 रविवार आनंदाचे म्हणून वगळतात, व 40 उरतात. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या 1983 च्या नियमसंहितेप्रमाणें वयाचीं 18 वर्षें पूर्ण होईपर्यंत उपासाचें बंधन नाहीं. तेव्हां वाढत्या वयाच्या विद्यार्थ्यांनीं जेवण सोडूं नये. मधल्या सुट्टींतील भजीं सोडावीं, आणि ते पैसे कोणाकडे गेले, हें वर्गांत बोलूं नये.